बडोद्यात लॅब्राडोर वर्षभर बाहेर फिरवायचा असेल तर

तुम्ही नाशिकहून समा भागात राहायला आलात, सोबत दहा महिन्यांचा लॅब्राडोर आहे आणि तीन गोष्टी विचारल्यात. पट्टा सोडला की तो हाकेला येत नाही, त्याचं काय करायचं? इथल्या ऋतूंत बाहेर नेताना काय सांभाळायचं? आणि दोघंही कामावर असताना त्याला दिवसभर गच्चीवर ठेवलं तर चालेल का? बडोद्यात बरीच वर्षं कुत्री सांभाळली आहेत आणि ओळखीतल्यांची शिकवलीही आहेत, त्या जोरावर सविस्तर लिहिते.

एक गोष्ट मनात पक्की धरा. इथे प्रत्येक ऋतूची तयारी आधीच्या ऋतूत करावी लागते. ऊन तापल्यावर, नदी चढल्यावर किंवा फटाके सुरू झाल्यावर कुत्र्याला काही शिकवता येत नाही. आत्ता दिवाळी उरकली आहे आणि हवा सुखाची आहे, त्यामुळे शिकवण्यासाठी याच्याइतके चांगले दिवस वर्षात दुसरे नाहीत.

सुरुवात हाकेपासून करा. हार्डवेअरच्या दुकानातून दहा मीटर सुती दोरी आणा. नायलॉनची नको, धावता कुत्रा खेचतो तेव्हा तळहात सोलून निघतो. दोरी हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीवर बसणाऱ्या पट्ट्याला बांधा, गळ्यातल्या पट्ट्याला नाही, कारण भरधाव कुत्र्याला मानेवर हिसका बसला तर इजा होते. बोलावण्यासाठी एकच शब्द ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. आपल्याकडे आई ‘ये’ म्हणते, शेजारचे काका ‘आव’ म्हणतात, मुलं ‘कम’ म्हणतात, आणि मग कुत्रा कुणाचंच ऐकत नाही. नाव घेणं म्हणजे बोलावणं नव्हे. नाव आपण दिवसातून शंभरदा घेतो, त्यामुळे हाकेचा शब्द वेगळाच हवा.

पहिले काही दिवस घरात, मग पार्किंगमध्ये, मग मैदानाच्या रिकाम्या कोपऱ्यात. गाई, खारी आणि दुसरी कुत्री सगळ्यात शेवटी. शब्द एकदाच उच्चारायचा. तो वळला की त्याच क्षणी कौतुक, आणि जवळ आला की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा. मारी बिस्किटावर लॅब्राडोर घरात येईल, खारुताईला सोडून येणार नाही. खाऊ दिल्यावर त्याला परत मोकळं सोडा, हे फार महत्त्वाचं आहे. बहुतेक लोक फक्त घरी जायची वेळ झाली की बोलावतात. मग ‘ये’ म्हणजे मजा संपली हे कुत्रा आठवड्याभरात ताडतो आणि लांबूनच बघत उभा राहतो. दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा पुन्हा खेळायला जाऊ द्या. अंघोळीसाठी, औषधासाठी किंवा रागवण्यासाठी तो शब्द कधीच वापरू नका, त्यासाठी स्वतः उठून त्याच्यापाशी जा. उशिरा आला तरी ओरडायचं नाही. तो आला हे त्यानं बरोबरच केलेलं असतं.

याच्या जोडीला ‘सोड’ शिकवा. मुठीत खाऊ धरून मूठ त्याच्या नाकापुढे न्या. तो चाटेल, पंजा मारेल, भुंकेल, तुम्ही हलू नका. ज्या क्षणी तो नाक मागे घेईल, त्या क्षणी दुसऱ्या हातातला खाऊ द्या, मुठीतला नाही. हे पक्कं झालं की जमिनीवर ठेवलेल्या वस्तूवर आणि मग चालता चालता करा. रस्त्यावरची हाडं, उंदराचं औषध, मेलेली चिचुंद्री, पावसाळ्यातला बेडूक या सगळ्यांवर हाच एक शब्द आहे.

आणि त्याची पहिली परीक्षा जानेवारीत येईल. तुम्ही बडोद्याची उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, पाहिलेली नाही. १४ तारखेला आणि १५ला, म्हणजे वासी उत्तरायणला, अख्खं गाव गच्चीवर असतं. कुत्र्याला खरा त्रास होतो तो त्यानंतर, कारण काचेची पूड लावलेला मांजा झुडपांत, तारांवर आणि गटाराच्या कडेला कित्येक दिवस पडून राहतो. नायलॉनच्या, म्हणजे चायनीज दोऱ्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ सालीच बंदी घातली आहे, तरी तो सापडतो आणि कुजत नाही. उत्तरायणानंतर काही आठवडे झुडपांतून नेऊ नका. परतल्यावर चारही पंजे पसरून बोटांच्या बेचक्यांत बघा. दोरा केसांत बसला की वरून काही दिसत नाही, कुत्रा फक्त पाय चाटत राहतो आणि दोरा आत रुतत जातो. कापलं असेल तर स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका. आणि तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका! दुसरं टोक आतड्यात अडकलेलं असू शकतं आणि ओढल्यावर आतडं कापलं जातं. तसंच डॉक्टरांकडे न्या. रस्त्यावरचं कुत्रं किंवा पक्षी जखमी दिसला तर १९६२ वर फोन करा, गुजरातची करुणा ऍम्ब्युलन्स येते.

त्याच दिवशीच्या उंधियूबद्दलही, म्हणजे मिश्र भाज्यांच्या गुजराती पदार्थाबद्दलही सांगते, कारण प्रेमानं वाटीभर देणारे शेजारी इथे घरोघरी आहेत. त्यात हिरवा लसूण भरपूर असतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेटही नको.

थंडीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. बडोद्याची थंडी लॅब्राडोरला आवडतेच. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या किंवा अगदी आखूड केसांच्या कुत्र्याला तेवढं पहाटे अंगावर काहीतरी घाला.

उन्हाळ्यात मात्र घड्याळ बदलावं लागतं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, बाकी सगळं अंग तो धापा टाकून थंड करतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी सूर्य वर यायच्या आत फिरवून आणा आणि रात्री नऊनंतर पुन्हा न्या. डांबर सूर्य मावळल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याच्या गाद्यांनाही पोळतं. त्याचे केस भादरू नका, आतली लव ऊन अडवते. चेंडूचा खेळ बंद ठेवा, कारण लॅब्राडोर दमला म्हणून स्वतःहून थांबत नाही.

मेपेक्षा मी जूनला जास्त घाबरते. पाऊस पडायच्या आधीचे ते दमट दिवस असतात ना, तेव्हा पारा थोडा उतरलेला असतो, म्हणून लोक बेफिकीर होतात. पण हवेत ओल असली की जिभेवरची लाळ सुकत नाही आणि धापेचा उपयोगच होत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, ते १०६च्या वर गेलं की जिवावर बेततं. थांबवता न येणारी धाप, विटेसारख्या लालभडक हिरड्या, चिकट लाळ, झोकांड्या, उलटी यातलं काहीही दिसलं तर आधी गार करायचं आणि मग डॉक्टरकडे न्यायचं. सावलीत घ्या, नळाचं पाणी पोटावर, जांघेत, काखेत ओतत राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत वाफ कोंडते. ताप १०३पर्यंत उतरला की पाणी थांबवा. तो उठून शेपूट हलवायला लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर कळते.

पावसाळा आला की समाच्या लोकांनी विश्वामित्रीकडे लक्ष ठेवायचं. ही नदी शहराच्या मधून, कमाटीबागेतून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, त्याही शेकड्यांनी. मगर पाण्याच्या काठाला दबा धरून बसते, आणि लॅब्राडोरला पाणी दिसलं की राहवत नाही. म्हणून नदीकाठी, आणि समा-निझामपुऱ्याकडच्या भूखी कांस या नाल्याच्या बाजूलाही, दोरी कधीच सोडायची नाही. हाक कितीही पक्की झालेली असो, कुठल्याही महिन्यात. ऑगस्ट २०२४च्या पुरात नदी ३५ फुटांच्या वर गेली होती आणि मगरी सोसायट्यांत आल्या होत्या. काळाघोडा पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट आहे. आजवा धरणाच्या पाण्याची पातळी आणि पुलाशी नदीची पातळी रोज बघायची सवय लावा. पातळी चढायला लागली की कुत्र्याला वरच्या मजल्यावर हलवा. लसीचं कार्ड, आठवड्याचं खाणं आणि पट्टा एका पिशवीत तयार ठेवा. बांधून ठेवून कुठेही जाऊ नका. पाणी ओसरल्यावर आधी तुम्ही स्वतः आवार, पार्किंग आणि झाकणं उघडी राहिलेली गटारं बघून या. मगर दिसली तर कुत्र्याला घरात कोंडा आणि वनखात्याला कळवा.

साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसही येतो. उंदरांच्या लघवीतून पसरणारा हा रोग कुत्र्याकडून माणसालाही होतो. पहिल्यांदा लस देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, पुढे दरवर्षी एक. म्हणून एप्रिलमध्येच डॉक्टरांशी बोला आणि रेबीजची तारीखही तेव्हाच तपासा.

गोचीड इथे बाराही महिने असतात, पण पावसानंतर फार वाढतात. रोज रात्री पाच मिनिटं काढा. कानाच्या आतली घडी, पट्ट्याखालची मान, काखा, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीचं मूळ बोटांनी चाचपा. आधी तिळाएवढा कडक कण लागतो, रक्त पिऊन फुगल्यावर तो करडा वाटाणा होतो. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका, काडी लावू नका. आणि कुत्र्यावरच्या गोचिडी काढून काम संपत नाही, कारण अंडी भिंतींच्या भेगांत आणि दाराच्या चौकटीत असतात, घरही साफ करावं लागतं. गोचिडीवरची गोळी वजन बघून डॉक्टरांनीच द्यावी, झटके येत असतील तर तसं आधी सांगा. कुत्रा मलूल झाला, खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचिडीचा ताप पहिल्या दिवसांत पकडला तर औषधानं बरा होतो.

गणपतीची ढोल-ताशांची मिरवणूक, मग नऊ रात्री गरब्याचे लाऊडस्पीकर, मग दिवाळी. हे आवाज ओळीनं येतात, म्हणून तयारी जुलैत करा. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून जेवण द्या. तो निवांत खात असेल तरच दुसऱ्या दिवशी किंचित वाढवा, कान मागे गेले की परत कमी करा. त्या दिवसांत संध्याकाळी पाचच्या आतच फिरवून आणा. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवा आणि पट्टा नेहमी दुहेरी, गळ्यातही आणि हार्नेसलाही. घाबरलेलं कुत्रं पट्ट्यातून मान सोडवून पळतं आणि मैलभर जातं. त्याला जवळ घेऊन थोपटलंत तर भीती वाढत नाही, खुशाल घ्या. औषध लागलंच तर भीती कमी करणारं मागा. नुसती गुंगी आणणारं नको, त्यात शरीर हलत नाही पण भीती तशीच राहते.

गच्चीचं उत्तर: दिवसभर, नाही. मेमध्ये पत्र्याच्या सावलीतही लादी भाजते. पाण्याचं भांडं कलंडलं तर संध्याकाळपर्यंत बघायला कुणी नसतं, आणि उत्तरायणात तर गच्ची म्हणजे मांज्याचं जाळंच. त्याला घरात पंख्याखाली ठेवा आणि दुपारी कुणीतरी येऊन अर्धा तास देईल अशी सोय करा. सकाळी निघण्यापूर्वी चाळीसएक मिनिटं दोरीवर हुंगत फिरू दिलंत तर तो दुपारभर झोपतो. पळवण्यापेक्षा हुंगू द्या, हुंगण्यानं लॅब्राडोर जास्त दमतो. दोन आठवडे हाकेचा सराव करा आणि तो कुठे अडतो ते इथेच लिहा, मग पुढचं सांगते.