वाकटी (रिबनफिश) आणि माकुल (स्क्विड) गोठवून चीनला पाठवायची आहे. आयईसी (आयात-निर्यात कोड) काढला आहे, ऑनलाइन खरेदीदारही मिळाला आहे. पुढे काय करू?

खरेदीदार सापडला हे चांगलंच, पण चीनच्या बाबतीत पहिला प्रश्न वेगळा असतो: माल कुठल्या कारखान्यात गोठवणार? १ जानेवारी २०२२ पासून चीनच्या सीमाशुल्क प्रशासनाकडे, म्हणजे जीएसीसीकडे, नोंद नसलेल्या कारखान्याचं खाद्यपदार्थांचं पार्सल तिथे उतरवून घेत नाहीत. बिस्किटं किंवा फरसाण बनवणारा स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. मासळीला ती मुभा नाही. तिथे आपल्या एक्सपोर्ट इन्स्पेक्शन काउन्सिलने कारखान्याची तपासणी करून चीनकडे शिफारस करावी लागते, आणि त्याला किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसतं.

म्हणून नवख्या माणसाने स्वतःचा प्लांट उभारायच्या फंदात पडू नये. एमपीईडीएकडे, म्हणजे समुद्री उत्पादनांच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, मर्चंट एक्सपोर्टर (स्वतःचा कारखाना नसलेला निर्यातदार) म्हणून नोंदणी करा आणि आधीच मान्यता असलेल्या प्लांटकडून प्रक्रिया करून घ्या. निर्यातदार म्हणून तुमची स्वतःची नोंद जीएसीसीकडे वेगळी करावी लागते. ती आणि कारखान्याची नोंदणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. प्लांटवाल्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या सर्टिफिकेटच्या फोटोवर विसंबू नका. जीएसीसीच्या जाहीर यादीत स्वतः बघा: नोंदणीची मुदत शिल्लक आहे का (ती पाच वर्षांची असते), तुमच्या मासळीचा प्रकार त्यात आहे का, आणि माल मधल्या काळात ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये राहणार ते नोंदलेलं आहे का. शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. फक्त कोळंबीसाठी मान्यता असलेल्या प्लांटमधून माकुल गेली तर ती अडकणारच.

मग लेबल. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही पॅकिंगवर चिनी आणि इंग्रजीत ठळक, न पुसणारा मजकूर हवा: मालाचं नाव आणि शास्त्रीय नाव (वाकटीसाठी सहसा ट्रायकियुरस लेप्टुरस), साइज, उत्पादनाची तारीख, बॅच नंबर, टिकण्याची मुदत, साठवणुकीचं तापमान, समुद्रात पकडलेली की शेततळ्यातली, कुठल्या समुद्रातली, कारखान्याचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि गंतव्य म्हणून चीनचं नाव. हीच माहिती हेल्थ सर्टिफिकेट, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवर अक्षरशः तशीच हवी. तारखेतला एक आकडा चुकला तरी रीफर (थंड कंटेनर) बंदरात विजेच्या प्लगवर उभा राहतो आणि त्याचं भाडं रोज चढत जातं. छपाईआधी लेबलचा मसुदा खरेदीदाराच्या कस्टम एजंटकडून लेखी मंजूर करून घ्या.

आता माल. वाकटीची किंमत तिच्या चंदेरी वर्खावर ठरते. बोटीवर बर्फ कमी पडला, खणात दाटीवाटीने भरली, की वर्ख सुटतो आणि पोट फुटतं. असा माल कितीही नीट गोठवला तरी वरच्या ग्रेडला जात नाही. साठवणुकीत तापमान वर-खाली झालं तर चरबी खवट होऊन अंग पिवळं पडतं. गोठवलेल्या ब्लॉकच्या गाभ्यात उणे १८ अंश गाठल्याशिवाय तो कार्टनमध्ये जाऊ देऊ नका. ग्रेडिंग ग्रॅमवर होतं, १००-२००, २००-३०० असं. लहान साइज मोठ्यात मिसळली की तिकडे पूर्ण लॉटचा भाव पाडून मागतात. वजन बर्फाचा थर वगळून धरायचं. माकुलीत कॅडमियम हा विषारी धातू खरा धोका. ते तिच्या यकृतात साठतं, आणि साफसफाई ढिसाळ असेल तर मांसात उतरतं. चीनची मर्यादा माकुलीसारख्यांना किलोमागे २ मिलिग्रॅम, माशांना ०.१. दोन्हींच्या लॅब चाचण्या वेगळ्या करा.

पैशाचं सांगायचं तर पहिल्या व्यवहारात उधारी नको. ३० टक्के आगाऊ आणि उरलेले कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यावर, किंवा चांगल्या बँकेची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी). ईसीजीसीचं कव्हर, म्हणजे पैसे बुडाले तर भरपाई देणारा सरकारी कंपनीचा विमा, घ्या. खरेदीदाराचा १८ अंकी-अक्षरी कंपनी क्रमांक मागा आणि चीनच्या सरकारी संकेतस्थळावर पडताळा. ऐनवेळी ‘बँक खातं बदललंय’ असा ईमेल आला तर आधी फोन करा. भारत आणि चीन दोघेही आशिया-पॅसिफिक व्यापार करारात आहेत, त्यामुळे काही मालावर आयातशुल्कात सवलत मिळते. तुमच्या एचएस कोडला (कस्टममधला मालाचा वर्गीकरण क्रमांक) ती लागू असेल तर त्या कराराखालचं मूळ-देश प्रमाणपत्र घ्या. कोडचे पहिले सहा आकडे दोन्हीकडे सारखे असतात, पुढचे त्यांच्या दप्तरात वेगळे. ते खरेदीदाराकडूनच घ्यायचे.

बाजार कसा आहे हेही समजून घ्या. २०२४-२५ मध्ये अमेरिकेने भारताकडून साधारण ३.४७ लाख टन मासळी घेतली आणि २७१ कोटी डॉलर मोजले. चीनने जास्त, ३.९६ लाख टन घेतली, पण पैसे १२८ कोटी डॉलरच. म्हणजे किलोमागे निम्म्याहून कमी. चीन मासळीचा मोठा आयातदार आहे आणि मोठा निर्यातदारही. चिंगदाओ, दालियान या तिथल्या बंदरांतले कारखाने परदेशी मासा आणून, कापून, पुन्हा परदेशी पाठवतात. वाकटी मात्र बहुतेक तिथल्याच जेवणात जाते, त्यामुळे तिचा भाव तिथल्या हंगामावर हलतो. त्यांची मासेमारीबंदी १ मेपासून सुरू होते, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची १ जूनपासून. चिनी नववर्षाच्या आधी मागणी वाढते, सुट्टीत सगळं ठप्प होतं. न्हावाशेवाहून साधारण तीन आठवडे लागतात हे धरून बुकिंग मागे मोजा. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा कोळंबीवालेही चीनकडे वळले. अशा गर्दीत प्लांटचे फ्रीझर आणि रीफर दोन्ही महागतात.

पहिल्या कंटेनरमध्ये वाकटी आणि माकुल एकत्र भरू नका. ४० फुटी रीफरमध्ये २६-२७ टन बसतात, म्हणून मिसळण्याचा मोह होतो. पण माकुलीचा नमुना तपासणीत अडकला तर वाकटीही तिच्याबरोबर थांबते.