चेंडू हातात नसतानाचा खेळ

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

शालेय बास्केटबॉल स्पर्धा गाजवून झाल्यावर तुला एका व्यावसायिक क्लबच्या युवा संघाकडून निवड चाचणीचे बोलावणे आले, हे वाचून मनापासून आनंद झाला. आता नेमकी कशावर मेहनत घ्यावी, असे तू विचारले आहेस आणि सोबत आपल्या जमेच्या बाजूही लिहिल्या आहेस. ड्रिबलवरचा, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेण्यावरचा ताबा, बचावपटूला मागे टाकणारा वेग, उडी घेऊन मारलेला शॉट, या सगळ्या गोष्टी मोलाच्या आहेत आणि त्या तू कष्टाने कमावल्या आहेस. पण यांतली प्रत्येक गोष्ट चेंडू तुझ्या हातात असतानाची आहे, आणि हे पत्र मी जरा सविस्तर लिहितो आहे ते त्यासाठीच.

शाळेच्या संघात एखादाच खेळाडू इतरांपेक्षा बराच उजवा असतो, त्यामुळे प्रशिक्षक साहजिकच सगळा खेळ त्याच्याभोवती उभा करतात आणि अडचणीच्या वेळी चेंडू आपोआप त्याच्याकडे येतो. व्यावसायिक संघात मात्र असे आपापल्या शाळेतले सर्वोत्तम खेळाडूच एकत्र आलेले असतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सामना 40 मिनिटांचा असतो. त्यातला साधारण निम्मा वेळ चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे गेला आणि उरलेला पाच जणांत अगदी सारखा वाटला गेला, तरी पूर्ण सामना खेळणाऱ्याच्या वाट्याला सुमारे चार मिनिटे येतात. नव्या खेळाडूला पूर्ण सामना खेळायला मिळत नाही आणि सारखी वाटणीही होत नाही. म्हणजे चाचणी घेणारे प्रशिक्षक तुझ्याकडे पाहतील तेव्हा बहुतेक वेळ चेंडू तुझ्याजवळ नसेल, आणि तेवढ्या वेळात तू काय करतोस यावरच ते तुझी पारख करतील.

स्टीव्ह कर या अमेरिकी खेळाडूची कारकीर्द तू लक्षपूर्वक अभ्यासावीस असे मला वाटते. 1988 साली एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याचे नाव 50व्या क्रमांकावर पुकारले गेले. त्याच्याकडे डोळे दिपवणारी उंची नव्हती, की वेगही नव्हता. तरीही खेळाडू म्हणून तो पाच वेळा विजेत्या संघात होता आणि लांबच्या रेषेबाहेरून मारायच्या तीन गुणांच्या शॉटमधली त्याची कारकिर्दीतली 45.4 टक्के ही अचूकता एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक आहे. 1997च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात गुणसंख्या 86-86 अशी बरोबरीत असताना त्याचा सहकारी मायकेल जॉर्डन याला रोखण्यासाठी प्रतिस्पर्धी संघाचा दुसरा बचावपटू धावून गेला, त्यामुळे कर मोकळा सुटला, जॉर्डनने त्याला पास दिला आणि त्याने शॉट यशस्वी केला. त्या चढाईपूर्वीच्या टाइमआउटमध्येच आपण तयार राहू, असे त्याने जॉर्डनला सांगून ठेवले होते. त्या हंगामात तो बहुतेक वेळा राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरत असे, हे लक्षात घे. योग्य जागी, पाय रोवून आणि हात पुढे करून उभे राहण्याचे काम त्याने इतक्या निष्ठेने केले की जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला निर्णायक क्षणी त्याच्यावर विश्वास टाकता आला.

आता बचावाविषयी. ज्याला रोखायचे त्या प्रतिस्पर्ध्यापासून दूर राहून तू रिंगजवळच्या सहकाऱ्याला मदत करत असताना बाहेर पास गेला, की तुला परत धावत जाऊन त्या खेळाडूचा शॉट अडवावा लागतो. शाळेतली बहुतेक मुले समोरच्याने चेंडू झेलल्यावर धावू लागतात. तू पास देणाऱ्याच्या हातातून चेंडू सुटताक्षणी निघायला हवेस, कारण चेंडू हवेत असतो तेवढाच वेळ तुझा असतो. सुरुवातीचे अंतर लांब पावलांनी तोड, शेवटच्या दोन मीटरमध्ये पावले आखूड कर, कंबर खाली ठेव आणि एक हात त्याच्या शॉटच्या रेषेत वर ने. वजन पुढच्या पायावर कलंडले की समोरचा एका ड्रिबलमध्ये तुझ्या बाजूने निघून जातो, आणि त्याच्या हुलकावणीला फसून तू उडी मारलीस तर पुढचे दोन सेकंद तुझा संघ चारच जणांनी खेळतो. शॉट सुटला तरी काम संपत नाही. वळून आधी त्या खेळाडूला पाठीने अडवायचे आणि मग चेंडूकडे पाहायचे. नजर आधी रिंगकडे गेली की रिबाउंड, म्हणजे शॉट हुकून परत आलेला चेंडू, हातचा जातो. हे सगळे तीनेक सेकंदांत घडते, कोणी टाळ्या वाजवत नाही, आणि गुणतक्त्यात त्याची नोंदही होत नाही. प्रशिक्षकाच्या नजरेतून मात्र ते कधीच सुटत नाही.

बोलण्याचाही सराव कर, कारण लाजाळू मुले इथे हमखास मागे पडतात. प्रतिस्पर्धी स्क्रीन लावायला, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहायला, येत असेल तर तो सहकाऱ्याला धडकण्याआधी, डावीकडून की उजवीकडून हे सांगून, तुझी हाक त्याच्या कानी पडली पाहिजे. धडक बसल्यानंतर दिलेल्या सूचनेचा त्याला काही उपयोग नसतो. ड्रेमंड ग्रीन 2012च्या ड्राफ्टमध्ये 35वा होता आणि 2017 साली एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याचे सामने पाहशील तेव्हा तो चारही सहकाऱ्यांना सतत काय सांगत असतो, इकडे विशेष लक्ष दे.

नेमबाजीत तुला पास झेलून तत्काळ शॉट मारण्याची सवय लावून घ्यावी लागेल, कारण वरच्या पातळीवर ड्रिबल करत जागा तयार करण्याची मुभा मोजक्यांनाच मिळते. रिंग सगळीकडे 3.05 मीटर उंचीवरच असते, तीन गुणांची रेषा मात्र मागे सरकते. अमेरिकेच्या शालेय सामन्यांत ती 6.02 मीटरवर आहे, आंतरराष्ट्रीय सामन्यांत 6.75 मीटरवर आणि एनबीएमध्ये, कोपरे वगळता, 7.24 मीटरवर. हे वाढीव अंतर खांद्याच्या जोरावर कापायला गेलास तर हाताची ठेवण बिघडेल. जोर पायांतून यायला हवा, म्हणून चेंडू हातात येण्यापूर्वीच गुडघे वाकलेले असू देत. सरावाच्या शेवटी, दम लागलेला असताना, फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे विनाअडथळा शॉट, मारत जा, कारण सामन्यात ते बहुधा त्याच अवस्थेत मारावे लागतात.

शरीराबद्दल थोडक्यात लिहितो. एनबीए आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने 2016 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत वयाच्या 14 वर्षांपर्यंत मुलांनी केवळ बास्केटबॉलला जुंपून घेऊ नये असे सांगितले आहे. हकीम ओलाजुवान आधी हँडबॉल आणि फुटबॉल खेळत असे, तर टिम डंकन मुळात जलतरणपटू होता. तुझे ते वय उलटले असले तरी त्यामागचे कारण तुलाही लागू आहे. एकाच प्रकारच्या उड्या वर्षभर मारल्या की गुडघा आणि घोटा कुरकुर करू लागतात, म्हणून आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेव आणि झोपेत काटकसर करू नकोस. गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले तर चाचणी तोंडावर आहे म्हणून ते लपवू नकोस, त्याच दिवशी फिजिओला सांग.

शाळेतून थेट वर जाता येईल का, हा तुझा दुसरा प्रश्न. केविन गार्नेट 1995 मध्ये, कोबी ब्रायंट 1996 मध्ये आणि लेब्रॉन जेम्स 2003 मध्ये शाळेतून थेट एनबीएत गेले. पुढे नियम बदलले आणि 2006च्या ड्राफ्टपासून किमान 19 वर्षे वयाची अट लागू झाली. पण त्या थेट गेलेल्यांचीही वाट सोपी नव्हती. ब्रायंटला पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी सुमारे 15 मिनिटेच मिळाली आणि सुरुवातीच्या पाच जणांत तो फक्त सहा सामन्यांत होता. युरोपातला मार्ग वेगळा आहे. लुका डॉन्चिच 13व्या वर्षी रेआल माद्रिदच्या युवा विभागात आला आणि 2015 साली, वयाच्या 16व्या वर्षी, मुख्य संघातून खेळला. कोणता मार्ग चांगला यावर मोठी माणसे तुझ्यासमोर वाद घालतील. माझे मत विचारशील तर, जिथे तुला प्रत्यक्ष खेळायची मिनिटे मिळतील आणि जिथला प्रशिक्षक चुकलेल्या बचावासाठी सराव थांबवून समजावून सांगेल, ती जागा निवड. नामांकित संघाच्या बाकावर तीन वर्षे बसून राहिलेली गुणी मुले मी पाहिली आहेत, आणि ती वर्षे त्यांना परत मिळत नाहीत.

शेवटचा मुद्दा कराराचा. चाचणीत निवड झाली तर त्या आनंदात कागद पुढे येईल आणि लगेच सही करण्याचा आग्रहही होईल. एनबीएत ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्याच्या करारात पहिल्या दोन वर्षांचे पैसे हमखास मिळतात आणि त्यापुढची दोन वर्षे त्याला ठेवायचे की नाही हे संघ ठरवतो; दुसऱ्या फेरीतल्याला अशी हमी आपोआप मिळत नाही. इतरत्र प्रत्येक क्लबचा मसुदा निराळा असतो. म्हणून चार गोष्टी कागदावर लिहिलेल्या आहेत का, ते पाहा: दुखापत झाल्यास उपचारांचा खर्च कोण करणार, त्या काळात मानधन चालू राहणार का, क्लबला करार मध्येच मोडता येतो का, आणि दुसऱ्या संघाकडून बोलावणे आले तर तुला सोडण्याच्या अटी काय आहेत. तोंडी आश्वासन कितीही प्रेमाने दिलेले असले तरी ते धरून चालू नकोस. वाचून ठरवण्यासाठी आठवडाभराची मुदत मागायला संकोच करू नकोस, ज्यांना तू खरोखर हवा आहेस ते ती देतील. मसुदा हाती आला की आईवडिलांसोबत आणि एखाद्या वकिलाकडे बसून वाच आणि एक प्रत मलाही पाठव. सही त्यानंतर कर.

तुझा शुभचिंतक