डाउनलोड, उतरवून घेणे आणि सातबाराचा उतारा

गिरगावातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात कंप्यूटर शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे : "'डाउनलोड'ला मराठीत काय म्हणावं? एका पुस्तिकेत 'अवभारण' सापडलं, पण वर्गात ते कुणाच्या तोंडी बसत नाही. नुसतं 'डाउनलोड' म्हटलं तर शब्द पाठ होतो, अर्थ पोचत नाही. एका आजींनी तर बटण दाबायलाच नकार दिला. म्हणाल्या, मी घेतलं तर तिथलं संपेल, मग बाकीच्यांनी काय करायचं?"

ताई, उत्तर आधीच सांगून टाकतो : 'उतरवून घेणे'. नुसतं 'उतरवणे' नाही, 'घेणे'सकट. आता आजींच्या प्रश्नाकडे वळतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आजींना वाटलं ते त्या शब्दातच दडलेलं आहे. इंग्रजीतला 'लोड' म्हणजे भार, ओझं. जुन्या काळी कंप्यूटरला प्रोग्रॅम द्यायचा तर तो भोकं पाडलेल्या कार्डांवरून किंवा कागदी फितीवरून आत भरावा लागे, त्या भरण्याला 'लोड करणं' म्हणत. पुढे एक मोठा मध्यवर्ती कंप्यूटर आणि त्याला जोडलेले लहान कंप्यूटर अशी मांडणी आली. मोठा तो वरचा, लहान तो खालचा. वरून खाली आणणं डाउनलोड, खालून वर पाठवणं अपलोड. 'अवभारण' त्याच चालीवर घडवलेला शब्द आहे : 'अव' म्हणजे खाली, 'भारण' म्हणजे भरणं. घडणीत खोट नाही, पण त्यात इंग्रजीतलं ओझं जसंच्या तसं मराठीत आलं. आणि ओझं एका जागेवरून उचललं की तिथे उरत नाही. भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळी उतरवतात, टोपल्या धक्क्यावर आल्या की होडी रिकामी. ज्यांचा जन्म मुंबईत गेला त्यांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र येणार.

डाउनलोड करताना मात्र होडी रिकामी होत नाही. सर्व्हरवरची, म्हणजे ती जिथे ठेवलेली असते त्या दूरच्या कंप्यूटरवरची, फाइल जागची हलत नाही, तिची एक प्रत तारांतून किंवा हवेतून तुमच्या यंत्रात येते. हजारांनी घेतली तरी मूळ फाइल तिथेच. बटण दोनदा दाबलं की दोन प्रती येतात, आणि दुसरीच्या नावापुढे कंसात एकचा आकडा लागतो. वर्गात हे मुद्दाम करून दाखवा. तो कंसातला आकडा पाहिला की 'मूळ तिथेच आहे' हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्या भाषेत या क्रियेला कंप्यूटर यायच्या कितीतरी आधीपासून शब्द आहे. शाळेत बाई म्हणायच्या, "फळ्यावरचं उतरवून घ्या." आपण वहीत उतरवून घ्यायचो आणि फळ्यावरचं एक अक्षरही कमी व्हायचं नाही. साठ मुलांच्या वर्गात साठ वह्यांत तोच मजकूर. डाउनलोड म्हणजे नेमकं हेच. फळा म्हणजे सर्व्हर, वही म्हणजे आपला फोन.

मला स्वतःला हे माझ्या आईमुळे कळलं. ती लालबागच्या चाळीत चाळीस वर्षं राहिली, पण जमीन संगमेश्वरच्या बाजूला. एकदा महाभूमी या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावरून तिच्या जमिनीचा सातबारा काढत होतो आणि तिनेही आजींसारखंच विचारलं, "तू इथे घेतलास तर तलाठ्याकडचा जाईल का?" मी समजावायला लागणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "पण हा तर उतारा. रजिस्टर तिकडेच असणार." मी गप्पच झालो. सातबाराचा 'उतारा' आपण रोज म्हणतो, पण त्या शब्दाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ दप्तरात राहतात, त्यावरून उतरवलेली प्रत आपल्या हाती येते, म्हणून तो उतारा. पाठ्यपुस्तकात 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' असं असतं, तोही कुठूनतरी उतरवून घेतलेलाच. 'डाउनलोड' हे नाम म्हणून वापरायचं असेल, म्हणजे आलेली फाइल असा अर्थ हवा असेल, तर 'उतारा' हून चपखल शब्द मला तरी सुचत नाही.

थोडं मुळाकडे. 'उतरणे' संस्कृतातल्या 'उद्' आणि 'तॄ' यांतून आलं, पाणी ओलांडून पलीकडे निघणं हा त्याचा जुना अर्थ. 'तरणे', 'तारू' ही त्याच घरातली. नदी पायी ओलांडता येते ती जागा म्हणजे उतार, आणि गाडीबोटीने जाणारा माणूस म्हणजे उतारू. एका काठावरून दुसऱ्या काठावर पोचणं हा भाव या सगळ्यांत आहे. मजकूर एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरतो तो याच भावाने. त्यामुळे नेटवरून फाइल उतरते म्हणण्यात मराठीला कुठेही मुरड घालावी लागत नाही.

कुणी म्हणेल, या क्रियापदाला आधीच किती अर्थ! विमा उतरवतात, दृष्ट उतरवतात, अंगावरचे दागिने उतरवतात. पण विमा उतरवला म्हटल्यावर तो कुठल्या फळीवरून खाली काढला असं कुणी विचारत नाही. शेजारचा शब्द अर्थ ठरवतो. 'घेणे' मला हवं ते याचसाठी. 'सामान उतरवा' हे कुणासाठीही असू शकतं, 'उतरवून घ्या' म्हटलं की ते आपल्या ताब्यात, आपल्यासाठी. सामानाच्या बाबतीत 'उतरवून घ्या' म्हटलं तर अर्थ सामान ताब्यात घेण्याचाच राहतो हे खरं, पण पुढे लिहिलेलं-छापलेलं काही असलं की मराठी माणूस 'प्रत करून घ्या' असंच ऐकतो. आणि फाइल म्हणजे लिहिलेलंच.

वर्गात मात्र 'डाउनलोड' हा शब्द टाळू नका. पडद्यावर तोच असतो, फोन मराठीत केला तरी बटणावर बहुधा 'डाउनलोड करा' असंच दिसतं. बटणाचं नाव 'डाउनलोड' आणि त्याने होतं काय ते 'उतरवून घेणं', अशी जोडी शिकवा. चिन्हही दाखवा : खाली रोखलेला बाण आणि त्याखाली आडवी रेघ.

'इन्स्टॉल'ची गल्लत इथेच होते, म्हणून तेही त्याच दिवशी सांगा. त्याला 'बसवणे' म्हणा. पंखा दुकानातून घरी आला म्हणजे लगेच वारा येत नाही, तो बसवावा लागतो. कंप्यूटरवर प्रोग्रॅम आधी उतरवून घ्यायचा, मग बसवायचा. फोनमध्ये ही दोन्ही कामं एका दमात होतात, म्हणून 'अ‍ॅप डाउनलोड केलं' म्हणताना लोकांच्या मनात बसवणंही असतं.

अपलोडला मराठी विकिपीडियावर 'संचिका चढवा' असं आहे. 'चढवणे' मला आवडतं, पण 'उतरवून घेणे'इतकं ते निर्दोष नाही. माळ्यावर चढवलेली ट्रंक खाली उरत नाही, अपलोड केलेला फोटो मात्र फोनमध्येही राहतो. 'चढवणे'ला प्रतीचा अर्थ कधी चिकटला नाही. तेव्हा इथे 'प्रत चढवली' असं दोन शब्दांत सांगावं, किंवा 'अपलोड'च ठेवावं.

आणि एक इशारा, आजींसाठी खास. फोटो आपोआप गूगल फोटोजवर जात असतील तर तिथे फळा-वहीचं नातं लागू पडत नाही. त्या अ‍ॅपमधून फोटो काढून टाकला तर तो फोनमधून आणि गूगलच्या इंटरनेटवरच्या साठ्यातून, दोन्हीकडून जातो. दोन्ही जागा एकसारख्या ठेवणं हेच 'सिंक'चं काम. म्हणजे आजींची भीती अगदीच निराधार नव्हती, फक्त ती चुकीच्या बटणाला लावली गेली.

शेवटी, उतरवून घेतलेलं जातं कुठे? नवशिक्याचं खरं अडतं इथे. बटण दाबलं, काहीतरी झालं, आणि फाइल सापडेना. कंप्यूटरवर ती बहुतेक वेळा 'डाउनलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. पहिल्याच तासाला सगळ्यांना डेस्कटॉपवर 'उतारे' नावाचा एक नवा फोल्डर करायला सांगा, काही उतरवून घेतलं की 'डाउनलोड्स'मधून उचलून त्यात ठेवायचं. सरावाला प्रत्येकाने आपल्या गावचा सातबारा घ्यावा, ज्यांची गावी जमीन नाही त्यांनी घरचं विजेचं बिल. आजींना सातबारा द्या. आणि तो उतरला की लगेच दुसऱ्यांदा बटण दाबायला सांगा.