वादग्रस्त व्हिडिओ गेमला समीक्षकांचे गुण न्याय देतात का?

एकेकट्या समीक्षकाचे गुण प्रामाणिक असतात, पण ज्या गेमवरून सरळ दोन तट पडतात त्याला गुणांची सरासरी न्याय देत नाही. २०१९ चा ‘डेथ स्ट्रँडिंग’ घ्या. जपानच्या ‘फामित्सू’ या गेमविषयक नियतकालिकात चार समीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात, तिथे त्याला ४० पैकी ४० मिळाले. आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळाने दिले १० पैकी ६.८. परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर प्लेस्टेशन ४ या गेमयंत्रावरच्या आवृत्तीची सरासरी आली १०० पैकी ८२, म्हणजे ‘चांगला आहे’. पण नुसतं ‘चांगला आहे’ म्हणून गप्प बसणारे फार थोडे होते! पाठीवर खोकी लादून तासन्‌तास डोंगर तुडवणं काहींना ध्यान वाटलं, काहींना निव्वळ हमाली. त्यात मेटाक्रिटिक काही प्रकाशनांना जास्त वजन देतं आणि ते किती, हे सांगत नाही. खेळणाऱ्यांच्या गुणांवरही विसंबू नका: ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’वर जून २०२० मध्ये पहिल्याच दिवशी शून्यांचा पाऊस पडला, गेम संपवायला वीसेक तास लागत असूनही. त्यापेक्षा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण देणारं एकेक परीक्षण वाचा, कुणाची आवड आपल्यासारखी आहे ते लगेच कळतं. मात्र गेम अडकतो का, बंद पडतो का, एवढंच पाहायचं असेल तर गुण कामाचे आहेत, आपल्याच यंत्रावरचे असतील तर. ‘सायबरपंक २०७७’ची सुरुवातीची परीक्षणं पीसीवरची होती, सरासरी ८६, प्लेस्टेशन ४ वर ती ५७ वर आली.