भरती, रंगरूटी आणि पोट धरून हसण्याचे दिवस

धाकट्या भावाची सैन्यभरती तोंडावर आली आहे, प्रशिक्षण म्हणजे नुसता छळ असे ऐकून आईने धसका घेतला आहे, आणि तिथे हसण्यासारखे काही असते का, असे आपण विचारले आहे. मी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये रंगरूट म्हणून दाखल झालो आणि पुढे तिथेच काही काळ उस्ताद म्हणून नव्या पोरांना शिकवले. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर खात्रीने सांगतो, की जितके आम्ही तिथे हसलो तितके नंतर कुठेच हसलो नाही; आणि त्याला कारण तिथली शिस्तच होती.

आमच्या वेळी आधी मैदान आणि मग लेखी परीक्षा असे. 2023 पासून ऑनलाइन परीक्षा आधी होते आणि तीत निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावतात. मैदानावर मात्र अजूनही पहिल्यांदा 1.6 किलोमीटर धावणे, मग बीम म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर खेचणे, 9 फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणे, आणि त्यानंतर उंची, वजन, छाती. आमच्या गटातल्या एका किडकिडीत मुलाला हा क्रम ठाऊक नव्हता. वजन कमी भरेल या भीतीने त्याने पहाटे रांगेतच डझनभर केळी आणि वर बाटलीभर पाणी पोटात ढकलले, आणि लगेचच त्याच्या गटाला धावण्याच्या रेषेवर उभे केले. दुसऱ्या फेरीत सगळी केळी मैदानावर आली, तरी पठ्ठ्या थांबला नाही आणि वेळ संपल्यावर आडवा धरतात तो दोर पडायच्या आत पोहोचला. पुढे रिकाम्या पोटी काट्यावर चढला तेव्हा वजन व्यवस्थित भरले. मोजणारे हवालदार इतके हसले की त्यांना आकडा दोनदा वाचावा लागला. भावाला सांगा, 5 मिनिटे 30 सेकंदांत धाव पूर्ण केली की पूर्ण 60 गुण मिळतात आणि 10 बीमचे 40. केळ्यांचे काही मिळत नाहीत. वैद्यकीय तपासणीआधी कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्यायला लावा, कारण त्यापायी चांगली पोरे अडकतात.

बराकीतली खरी गंमत बिछान्याची. सकाळच्या तपासणीत चादरीला एक सुरकुती दिसली तरी सगळ्या सेक्शनला, म्हणजे आमच्या छोट्या तुकडीला, रगडा म्हणजे दमवून सोडणारी शिक्षा मिळे, म्हणून आमची पोरे रात्रीच बिछाना ताणून, कांबळ्याची घडी फूटपट्टीने सरळ करून ठेवत आणि स्वतः खाटेखाली सतरंजीवर झोपत. एकदा साहेब रात्री अचानक फेरीला आले. एकेका खाटेवर बॅटरी मारली, तर सगळे बिछाने कडक आणि माणूस एकही नाही! सगळी बराक पळाली असे समजून त्यांनी हाक मारली, आणि खाटांखालून एका सुरात ‘जय हिंद श्रीमान’ आले. साहेबांनी शिक्षा दिली नाही. बाहेर गेल्यावर त्यांचा हसण्याचा आवाज आम्ही सर्वांनी ऐकला.

झोपेचे प्रसंग तर रोजचेच. पहाटेची पीटी, मग ड्रिल, वर लंगरातले, म्हणजे सैन्याच्या भोजनगृहातले, भरपेट जेवण, आणि त्यानंतर रायफलचे भाग शिकवण्याचा वर्ग. डोळे उघडे ठेवणे महाकठीण. आमचे उस्ताद जाग्या पोरांना हातानेच ‘बसून राहा’ अशी खूण करत आणि मग अचानक ‘सावधान!’ गर्जत. झोपलेले तेवढे ताडकन उभे राहत. त्यात शेवटच्या बाकावरचा एक जण झोपेतच ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी आमच्या रेजिमेंटची युद्धघोषणा देऊन भिंतीवर धावून गेला होता. उस्तादांनी त्याला शाबासकी दिली आणि बाकीच्यांना पळायला लावले.

रगडा अंग मोडून काढतो, हे मी लपवणार नाही. परंतु एकाच्या चुकीसाठी सगळे पळतात तेव्हा पोरे एकमेकांना इतकी धरून राहतात, की दमलेल्याला हसवणे हे आपले कामच आहे असे प्रत्येकाला वाटू लागते. उस्ताद झाल्यावर मी हे मुद्दाम जपले.

आईंना कसम परेडला, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावर पोरे शपथ घेतात त्या संचलनाला, जरूर घेऊन जा. तिथे सगळे एकसारखे भादरलेले आणि उन्हाने रापलेले असतात, त्यामुळे एक माउली अख्खी परेड दुसऱ्याच पोराकडे पाहून डोळे पुसत होती. त्या पोराच्या घरचे कोणी येऊ शकले नव्हते. नंतर खरा मुलगा समोर आल्यावर तिने दोघांनाही जवळ बसवून लाडू खाऊ घातले, आणि डबा अर्ध्यातच संपला. आपण जाल तेव्हा दोन डबे न्या.