ओंडक्यावर पहिल्यांदा उभे राहण्यापूर्वी

ऑस्ट्रेलियातील कुऱ्हाडीच्या स्पर्धेत तुम्ही उतरणार असाल, तर आधी हँडिकॅपची, म्हणजे कौशल्यानुसार प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी सुरुवात करण्याची पद्धत नीट समजून घ्या. टास्मानियातील लॅट्रोब येथे १८९१ मध्ये जागतिक अजिंक्यपदाची लढत झाली, त्या जुन्या परंपरेतला हा खेळ आहे. या स्पर्धेत पंच मोठ्याने सेकंद मोजतात. नवख्याचा सुरुवातीचा आकडा लवकर येतो, तर निष्णात स्पर्धकाला इतरांचे घाव ऐकत कितीतरी वेळ थांबावे लागते. शेजाऱ्याच्या घावाबरोबर आपला हात उचलू नये, कारण आकड्याआधी केलेली सुरुवात नियमबाह्य ठरते.

आडव्या ओंडक्यावर उभे राहून तोडताना कुऱ्हाड दोन्ही पावलांच्या मधोमध पडते, म्हणून पाय रोवण्याच्या खाचा स्पर्धेआधी स्वतः सपाट करून घ्या; माझ्या मते नवख्याने सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा. साधारण मध्यापर्यंत तोडून झाल्यावर वळून दुसऱ्या बाजूने तोडायचे असते. स्पर्धेची कुऱ्हाड वस्तऱ्यासारखी धारदार असते, तेव्हा पोलादी कड्यांचे मोजे सरावातही घालाच. उभा ओंडका तोडण्याच्या प्रकाराकडे नंतर वळा.