घरातली जुनी मोडी कागदपत्रे बेळगाव भागातील इतिहास संस्थेच्या संग्रहालयाला देण्याआधी काय करावे?

सर्वांत आधी कागद कोणत्या गावी, कोणाच्या वाड्यात, कोणत्या रुमालात (कागद बांधून ठेवलेल्या कापडी गाठोड्यात) होते हे लिहून ठेवा. ही माहिती हरवली की कागदाचे निम्मे मोल जाते. बेळगाव किल्ल्यातील बस्तीला (जैन मंदिराला) दिलेल्या दानाचे १२०४ सालचे, रट्ट राजघराण्याच्या काळातील शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि त्यांचे मूळ स्थान मजकुरातच कोरलेले असल्यामुळे ते इतक्या दूरही आपलेच म्हणून ओळखता येतात. खानापूर किंवा निपाणीकडच्या एखाद्या सुट्या शेतसारा पावतीला मात्र असा आधार क्वचितच असतो. रुमालातला क्रम मोडू नका. फाटक्या कडांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. छायाचित्रे काढून ठेवा आणि संस्थेकडून दाखल क्रमांकासह लेखी पोच घ्या.